जेपाराची नक्षी आणि ती मागवणारे आपण

इंडोनेशियात, सेमारंगला राहायला आल्यापासून पुण्या-मुंबईच्या ओळखीपाळखीच्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. तिकडे व्हेज मिळतं का, आणि तुमच्याकडून बाली फर्निचर मागवता येईल का. पहिल्याचं उत्तर सोपंय, टेंपे खा, टोफू खा आणि गप्प बसा. दुसऱ्याचं उत्तर द्यायला घेतलं की समोरचा पाच मिनिटांत "बरं बरं, बघू" करून फोन ठेवतो, कारण त्याला फक्त किंमत हवी असते आणि मी सुरू होते पार सोळाव्या शतकापासून. म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच काढावं, ज्याला वाचायचंय तो वाचेल.

तर पहिली गोष्ट, "बाली" म्हणून जे कोरीव फर्निचर, दारं, पार्टिशन शोरूममध्ये दिसतात त्यातलं बरंचसं बालीत बनतच नाही. बालीची स्वतःची लाकूडकाम करणारी गावं आहेत, तो वेगळा विषय, पण टुरिस्ट बालीला जातात म्हणून नाव बालीचं आणि माल जावाचा असा प्रकार आहे. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर जेपारा नावाचा जिल्हा आहे, आमच्या सेमारंगहून गाडीनं दोनेक तास, पाणी भरलं असेल तर कितीही. तिथे तहुनान भागात शिरलात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती फर्निचरची दुकानं, आणि आतल्या गल्लीत वळलात तर जवळपास दर दोन घरांआड पत्र्याची किंवा कौलांची उघडी शेड, तिला इथे ब्राक म्हणतात, आणि आतून सतत टकटक टकटक. 2005 च्या सुमाराला इथली मोजदाद झाली होती तेव्हा पंधरा हजारांवर लहानमोठे कारखाने आणि पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं या धंद्यात होती. एका जिल्ह्यात! कामंसुद्धा गावागावांत वाटलेली, मुल्योहार्जोत मूर्तीकाम, सेनेनानमध्ये रिलीफ म्हणजे भिंतीवर लावायची उठावाची चित्रं, तहुनानला टेबल-खुर्च्या-पलंग, आणि त्रोसो मात्र विणकरांचं.

आता माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. जेपाराबद्दल लिहिणारे लोक "शेकडो वर्षांची पवित्र परंपरा, रक्तातच कला" वगैरे लिहितात. मला ते अर्धंच खरं वाटतं. हे कोरीवकाम पहिल्यापासून ऑर्डरवर चालत आलंय. राणीनं सांगितलं, मशिदीला हवं होतं, साहेबाच्या बायकोला सिगारची पेटी पाहिजे होती, कंटेनरवाल्याला दोनशे खुर्च्या पाहिजे होत्या. कोण मागतंय आणि किती मोजतंय, यावर नक्षी किती खोल जायची ते ठरतं. कारागिराचा हात तोच असतो.

जेपाराच्या वाटेवर डेमाक लागतं. त्याआधी सायुंगचा पट्टा, तिथे समुद्राचं भरतीचं पाणी सरळ हायवेवर येतं, जमीनच खचत चाललीय, ट्रकांची रांग लागते, त्यावर मी काही बोलत नाही कारण बोलायला लागले तर पोस्टचा विषय बदलेल. डेमाकची जुनी मशीद बघाच. तिच्या चार मुख्य खांबांपैकी एक म्हणे ढलप्यांचा आहे, सुनान कालीजागा नावाच्या संतांना अख्खा ओंडका मिळाला नाही म्हणून त्यांनी इतरांच्या कामातून पडलेल्या ढलप्या एकत्र बांधून खांब उभा केला अशी कथा. सुतारकाम जवळून बघितलेल्या कुणालाही ही कथा आवडेल. आणि तिथल्या म्युझियममध्ये एक सागवानी दार ठेवलंय, पिंतू ब्लेदेग, म्हणजे विजेचं दार. गोष्ट अशी सांगतात, ‘की आगेंग सेलो’ नावाच्या माणसानं शेतात काम करताना कोसळणारी वीज हातानं धरली आणि तिचं चित्र या दारावर कोरलं. आ वासलेले ड्रॅगन, वेली, मुकुट, सगळं खच्चून भरलेलं. काळ सांगतात 1466 चा, म्हणजे शके 1388.

हो, शके. आपलं पंचांगातलं शालिवाहन शकच इथे चालायचं. जेपाराजवळच्या मांतिंगान मशिदीत तर ते आणखी मजेशीर पद्धतीनं लिहिलंय, चार शब्दांत, रूप ब्राह्मण वर्ण सारी. रूप म्हणजे एक, ब्राह्मण आठ, वर्ण चार, सारी एक, आणि वाचायचं उलटीकडून, अंकानां वामतो गतिः, म्हणजे 1481. अठ्ठ्याहत्तर मिळवा, 1559. मशिदीवर संस्कृत शब्दांत कोरलेला शक, आणि इथे कुणाला त्याचं काही विशेष वाटत नाही.

ही मशीद आली राणी कालीन्यामातच्या काळात. बाई जबरदस्त होती. नवऱ्याचा खून झाला, त्यानंतर जेपाराचा कारभार हिनं चालवला, आणि पोर्तुगीजांच्या मलाक्कावर दोनदा आरमार पाठवलं, 1551 ला आणि 1574 ला. मलाक्का म्हणजे गोव्याच्या हाताखालचं ठाणं, त्यामुळे आपल्या गोव्यातल्या फिरंग्यांना जेपाराचं नाव चांगलंच ऐकून माहीत असणार. मलाक्का पडली नाही, पण 2023 मध्ये इंडोनेशियानं तिला राष्ट्रवीर जाहीर केलं, उशिरा का होईना.

मांतिंगानच्या भिंतीत दगडाच्या कोरीव चकत्या बसवल्यात, गोल, लांबट, वेगवेगळ्या. लाकूड नाही, पांढुरका मऊ दगड, पण जेपाराच्या नक्षीची सुरुवात दाखवायला सगळे लोक तिथेच नेतात. एकीकडे नुसती कमळं आणि वेलबुट्टी. आणि मग एक चकती अशी की आधी पानंच पानं दिसतात, बघत राहिलं की त्या पानांतून सोंड तयार होते, पाय तयार होतात, हत्ती उभा असतो. मशिदीत प्राणी दाखवायचा नाही आणि कारागीर तर हिंदू-बौद्ध जमान्याच्या हाताचे, हत्ती-माकडं बोटांत बसलेली. मग काय, पानांचा हत्ती. नियमही पाळला आणि हत्तीही झाला. हे काम परंपरेनं राणीच्या दरबारातल्या एका चिनी प्रधानाच्या नावावर सांगतात, तिथेच त्याची कबर आहे. म्हणजे बघा, मागणी मुसलमान राणीची, हात चिनी माणसाचा, नमुना मजापाहित या आधीच्या हिंदू-बौद्ध राज्याच्या देवळांतला. "अस्सल जावानीज" शोधत येणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

लोकांची स्वतःची कथा मात्र वेगळीच आहे आणि ती मला जास्त आवडते. मजापाहितच्या ब्राविजया राजाला राणीचं चित्र हवं होतं, तेही कपड्यांशिवाय, पण चित्रकारानं तिला तसं बघायचं नाही, कल्पनेनं काढायचं. (क्लाएंट तेव्हापासून असेच.) प्रबंकारा नावाच्या चित्रकारानं काढलं, हुबेहूब काढलं, आणि नेमका चित्रावर एक काळा ठिपका पडला, कुणी म्हणतं शाईचा, कुणी म्हणतं पालीनं घाण केली. ठिपका पडला तो अशा जागी जिथे राणीला खरोखरच तीळ होता. राजाचं डोकं फिरलं. प्रबंकाराला त्याच्या पटाशांसकट एका प्रचंड पतंगाला बांधलं आणि दिला सोडून. पतंग जेपारावरून जाताना त्याची पटाशी खाली पडली ती टेकडीमागच्या गावात, बलाकांग गुनुंग, टेकडीमागचं गाव, म्हणजेच आताचं मुल्योहार्जो. म्हणून तिथले लोक कोरीवकाम करतात. काम चोख केल्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसाचा वारसा सांगणारं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते. एका ओळखीच्या ब्राकमध्ये मी अधूनमधून जाऊन बसते, तिथले पाक (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, मला ते बू म्हणतात) साठीच्या पुढचे आहेत, बुटक्या स्टुलावर बसतात, समोर फळी आडवी, आणि उजवीकडे पटाशा ओळीनं मांडलेल्या. पटाशीला इथे ताताह म्हणतात. नेहमीचा सेट तीस नगांचा, त्यातल्या वीस वाकड्या तोंडाच्या, नखासारख्या, त्यांना पेंगुकू म्हणतात, आणि दहा सरळ. शिवाय खोल खळगा काढायची वेगळी आणि कोपरे साफ करायला एक चाकूसारखं हत्यार. गंमत म्हणजे पाक पटाशी उचलताना बघत नाहीत. पानाची कड जेवढी वळते तेवढ्याच वळणाची पटाशी हातात येते, एक मोगरीचा ठोका, कड पूर्ण. म्हणजे वळण हातानं फिरवून काढायचं नसतं, पटाशीच्या तोंडातच ते वळण असतं, फक्त बरोबर पटाशी निवडायची आणि ती उभी धरून ठोकायची. तीस पटाशा का लागतात ते मला तेव्हा कळलं.

आधी कागदावरचं डिझाइन लाकडाला खळीनं चिकटवतात. मग त्या रेषांवरून उभे ठोके, आकार लाकडात उतरवायचा. मग ढोबळ कोरणं, कुठलं पान वर, कुठलं खाली, कुठली वेल कुणाच्या मागून जाते. मग मधली जमीन साफ करणं, तिला लेमाहान म्हणतात, आणि हे सगळ्यात कंटाळवाणं काम, पानांच्या मधल्या त्या चिंचोळ्या फटींमधून लाकूड उकरून तळ सपाट करायचा. मग पानांना पोट द्यायचं, फुगवटा, खोलगटपणा. आणि सगळ्यात शेवटी बारीक रेघा, पानाच्या टोकाला कुरळी होत जाणारी दोऱ्यासारखी रेघ, तिला बेनांगान, आणि पानाच्या अंगावरच्या शिरा, त्यांना चावेनान. जेपाराच्या पानाची ओळख काय विचाराल तर लांब वळणदार वेल, तिला फुटलेली टोकदार पानं, मधे पंख्यासारखा उघडलेला एक झुपका आणि त्याच्या बुडाशी तीनचार गोल फळं. एकदा डोळ्यात बसलं की विमानतळावरच्या खांबावरही ओळखू येतं.

मी एकदा पाकना विचारलं होतं की यातलं अवघड काय. मला वाटलं बारीक रेघा म्हणतील. ते म्हणाले, लेमाहान. रेघा सगळ्यांना दिसतात म्हणून सगळे नीट काढतात, तळाकडे कुणी बघत नाही, म्हणून तिथे पोरं चोरी करतात. त्यांनी शेजारच्या पोराच्या फळीवर बोट फिरवून दाखवलं, वरून पानं सुरेख, खाली बोटाला खडबड. पोरगं हसलं आणि परत पटाशी घेऊन बसलं बिचारं.

मुल्योहार्जोची खासियत म्हणजे माचान कुरुंग, पिंजऱ्यातला वाघ. एकाच ओंडक्यातून कोरलेला. बाहेर पिंजऱ्याचे गज, आत वाघ, वाघाला साखळी, साखळीच्या कड्या सुट्या हलतात, आतला लाकडी गोळाही सुटा फिरतो, आणि कुठेही सांधा नाही, खिळा नाही, डिंक नाही. गजांच्या फटींतून पटाशी आत घालून वाघ कोरायचा, एक ठोका वाकडा गेला की गज तुटला आणि महिन्यांचं काम जळणाला. कुणी म्हणतं हा डचांच्या राज्यात अडकलेला जावा, कुणी म्हणतं ही वाड्यात कोंडलेली कार्तिनी. मला वाटतं कारागिरानं आपल्याला काय येतं ते दाखवायला केला असणार, अर्थ मागून चिकटले. आता फार थोडे लोक करतात, कारण एवढा वेळ घालवून केलेल्या वस्तूचे पैसे द्यायला गिऱ्हाईकच नाही. परत तेच, ऑर्डर.

कार्तिनीचं नाव आलंच आहे तर. इंडोनेशियात 21 एप्रिलला शाळेतल्या मुली पारंपरिक कपडे घालून कार्तिनी दिन करतात, मुलींच्या शिक्षणाची पुरस्कर्ती म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडे सावित्रीबाईंचं नाव घेतो तसंच. ती जेपाराच्या रीजंटची, म्हणजे डचांच्या हाताखाली जिल्हा चालवणाऱ्या जावानीज अधिकाऱ्याची मुलगी, जन्म 1879. बाराव्या वर्षी रिवाजाप्रमाणे वाड्यात बंद झाली. तिथून तिनं डच मैत्रिणींना पत्रं लिहिली, ती तिच्या मृत्यूनंतर 1911 मध्ये छापली गेली आणि त्यावरूनच तिचं नाव झालं. पण जेपारात तिची आठवण आणखी एका कारणानं काढतात. टेकडीमागच्या गावातले कारागीर अप्रतिम काम करायचे आणि कवडीमोलानं विकायचे, हे तिला खुपलं. मग तिनं आणि बहिणींनी त्यांना कामं मिळवून द्यायला सुरुवात केली, पेट्या, फ्रेमा, लहान टेबलं, लाकडी आडपडदे, म्हणजे डच घरांत खपतील अशा वस्तू. डिझाइनवर चर्चा करायची, सेमारंगला आणि बटाव्हियाला (आताचं जकार्ता) माल पाठवायचा, हॉलंडमध्ये गिऱ्हाईक शोधायचं, कारागिरांना नीट मजुरी मिळेल असं बघायचं. त्यातला सगळ्यात नावाजलेला कारागीर सिंगोविर्यो. आजच्या भाषेत बाई एक्स्पोर्ट मॅनेजर होती, तेही घराबाहेर पडायची मुभा जेमतेम असताना.

तिच्या पत्रांत एक किस्सा आहे. तिला लाकडावर वायांगची म्हणजे छायानाट्यातली पात्रं कोरून हवी होती, अर्जुन, भीम वगैरे मंडळी. कारागीर तयार होईनात. वायांगच्या आत्म्यांचा कोप होईल म्हणून घाबरले. शेवटी कार्तिनीच्या वडिलांनी सांगितलं, हुकूम माझा आहे, जो काही कोप व्हायचा तो माझ्यावर होईल, तुम्ही कोरा. मग कोरलं. आज जेपाराच्या दुकानात वायांगची पात्रं ढिगानं मिळतात, टुरिस्ट बॅगेत घालून नेतात, आणि कुणाला ठाऊकही नसतं की पहिल्यांदा हे करायला कुणाच्या तरी बापाला देवाधर्माची गॅरंटी घ्यावी लागली होती. कार्तिनी 1904 मध्ये गेली, बाळंतपणानंतर चार दिवसांनी, वय फक्त पंचवीस. पुढे 1929 मध्ये डच सरकारनं जेपारात कारागिरीची शाळा काढली, पण बाजार लावायचं काम त्याआधी या मुलींनी केलं होतं.

मधली वर्षं पळवते. पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या काळात जकार्ताच्या राष्ट्रपती भवनातल्या एका खोलीला जेपाराची नक्षी लागली, ती खोली अजून जेपारा खोली म्हणूनच ओळखतात. खरा धुमाकूळ झाला 1998 ला. आशियाई मंदीत रुपिया कोसळला, डॉलरला अडीच हजारांच्या आसपास होता तो पंधरा हजारांपलीकडे गेला. अख्ख्या देशाची वाट लागली आणि जेपाराची चांदी झाली, कारण माल विकायचा डॉलरमध्ये आणि मजुरी द्यायची रुपियात. युरोपातून, अमेरिकेतून, कोरियातून खरेदीदार आले, काहींनी इथेच घरं केली, लग्नं केली. शेतकऱ्यांनी शेती सोडून पटाशी धरली. आणि त्याच सुमाराला हुकूमशहा सुहार्तोची सत्ता गेली, सरकारी धाक उडाला, जावाच्या सागाच्या जंगलांत लूट सुरू झाली, रात्रीच्या रात्री ट्रक भरून ओंडके. तेव्हाच्या स्वस्तात मिळालेल्या कोरीव पलंगांपैकी कितीतरी या चोरीच्या लाकडाचे असणार, आणि ते आता कुणाच्या तरी घरी "हेरिटेज पीस" म्हणून उभे आहेत.

त्यानंतर लाकडाचे कागद आले. आता एक्स्पोर्टसाठी कायदेशीर लाकडाचं सर्टिफिकेट लागतं, 2016 पासून युरोपात जाणाऱ्या मालाला वेगळं लायसन्सही. चांगलीच गोष्ट आहे, पण मोठा कारखाना एक माणूस नेमून कागद सांभाळतो आणि चार माणसांचा ब्राक मात्र त्यातच अडकतो, मग तो परत मोठ्यालाच माल विकतो, कमी भावात. 2010 मध्ये जेपाराच्या कोरीव फर्निचरला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या पैठणीला आहे तसं. पाकना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, हो मिळालंय म्हणे.

आणि सगळ्यात मोठा घाव घातला आपल्या सगळ्यांच्या आवडीनं. मिनिमल. स्कँडिनेव्हियन. सरळ पाय, सपाट पाठ, नक्षी नको कारण धूळ बसते. आज तहुनानच्या दुकानांत सगळ्यात पुढे काय ठेवलेलं असतं, तर साध्या खुर्च्या आणि पर्जन्यवृक्षाच्या अख्ख्या फळीची प्रचंड टेबलं. सुतारांना काम आहे, कोरणाऱ्यांना नाही. त्यात सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन आलं, एकच पान शंभर वेळा तंतोतंत. मजुरी बहुतेक उक्ती, नगावर, त्यामुळे भाव पाडला की कारागीर तेवढेच पैसे मिळवायला जास्त नग करतो आणि मग तळाला खडबड राहते, तिथे पोराला शिव्या देऊन उपयोग नाही. बायकाही कोरतात, पुष्कळ, बारीक काम आणि पॉलिश पेपर मारणं बहुतेक त्यांच्याकडे, आणि मजुरी पुरुषांपेक्षा कमी, हे इथेही तसंच. आता जिल्ह्यात कपड्यांचे, बुटांचे मोठे कारखाने आलेत, महिन्याला ठरलेला पगार, तर तरुण मुली तिकडे जातात. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते. "परंपरा टिकली पाहिजे" हे म्हणायला आपलं काय जातंय.

बरं, आता ज्यांना खरोखर काही मागवायचंय त्यांच्यासाठी. खुर्च्या मागवू नका, साध्या खुर्च्या पुण्यातही मिळतात. मागवायचंच तर गेब्योक बघा. गेब्योक म्हणजे जावाच्या जुन्या घरात बैठक आणि आतलं घर यांच्यामधली कोरीव सागवानी भिंत, मधोमध दार, दोन्ही बाजूंना फळ्या. इथे लग्नात नवरा-नवरीच्या मागे हीच उभी करतात. तिच्या आत पूर्वी देवी श्रीची खोली असायची, भाताची देवी, आपली श्रीच, आणि खोलीसमोर नवरा-नवरीची लाकडी जोडी बसवलेली. शेजारच्या कुदुस गावातली घरं तर अशी की अख्खं घर खाच आणि कूस बसवून उभं केलेलं, सुटं करून दुसरीकडे नेता येतं. कुदुस लवंगेच्या सिगारेटींचं गाव, तिथले जुने लोक भिंती पुसायला तंबाखू, लवंग आणि केळीचा सोप भिजवलेलं पाणी वापरायचे, वाळवी येत नाही आणि लाकडाला तेज राहतं. कुदुसची जुनी घरं सोडवून विकायचा धंदाही जोरात झाला, ते मात्र मला बघवत नाही, त्यामुळे जुनं नको, नवीन कोरून घ्या, तेवढंच कुणाला तरी काम.

लाकूड विचारून घ्या. सरकारी जंगलाचा साग आणि लोकांच्या शेताबांधावरचा कोवळा साग यांत फार फरक. सरकारी ओंडक्यांचे जाडीप्रमाणे तीन वर्ग आहेत, वीस सेंटीमीटरच्या आतला ए1, तीसच्या आतला ए2, त्यावरचा ए3. खोल नक्षीसाठी ए3 च हवा, बारीक ओंडक्यात पांढरं लाकूड जास्त निघतं आणि किडा तिथूनच सुरुवात करतो. वरून गडद पॉलिश मारलं की पांढरं दिसत नाही, म्हणून पॉलिशच्या आधीचे फोटो मागा. हातचं की मशीनचं हे ओळखायचं तर पानांच्या मधले आतले कोपरे बघा. मशीनचं पातं गोल फिरतं, त्यामुळे कोपरा गोलसर राहतो आणि तळावर एकसारख्या बारीक रेघा दिसतात. हाताचा कोपरा टोकदार असतो आणि पानाच्या कडेखाली बोटाचं नख शिरतं, कारण माणूस पटाशी तिरकी धरून खालूनही लाकूड काढतो. मशीनवर ढोबळ काढून वरून हात फिरवलेला मालही येतो, तो वाईट नसतो, फक्त तसा भाव द्या.

ओव्हनमध्ये नीट वाळवलंय ना हेही विचारा, कारण इथे बारा महिने दमट आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये हवा कोरडीठाक, नीट न वाळलेली फळी पुण्यात पोचल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात उभी तडकते आणि मग लोक म्हणतात माल खराब दिला. मोठ्या फळ्या चौकटीत खिळ्यानं किंवा डिंकानं पक्क्या करायला सांगू नका, खाचेत सुट्या राहू द्या, त्यांना आकुंचन-प्रसरण पावायला जागा लागते, इथले सुतार ते बरोबर करतात पण आपलेच लोक "हलतंय" म्हणून पक्कं करायला लावतात. भाव पाडायचाच असेल तर आकार कमी करा, नक्षीचा भाग कमी करा, पण तेवढीच नक्षी कमी पैशात मागू नका, ते हो म्हणतील आणि तळ उथळ करून देतील, ते तुम्हाला फोटोत कळणारही नाही. आणि अ‍ॅडव्हान्स पाठवायचा तर बुधवारपर्यंत पोचेल असा पाठवा. जेपारात गुरुवारी कामगारांचे पैसे वाटतात, शुक्रवारी ब्राक बंद असतात, त्या दिवशी फोन उचलला नाही तर मला मेसेज करू नका.